तपासलेली वही परत दिल्यानंतर: भाषेच्या विद्यार्थ्यांचे मूल्यमापन आणि उपयोगी अभिप्राय

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रौढांना दुसरी भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या वर्गात सुमारे तीस विद्यार्थी आहेत. त्या दर आठवड्याला प्रत्येकाचे लेखन शब्द न् शब्द तपासतात, प्रत्येक चुकीच्या जागी बरोबर रूप लिहून देतात, खाली गुण आणि शेरा देतात, आणि तरीही त्याच चुका पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर येतात. संभाषणाच्या तासाला चूक तिथल्या तिथे सुधारली तर विद्यार्थी गप्प होतात, आणि न सुधारली तर ती अंगवळणी पडेल अशी धास्ती वाटते. शिवाय सत्राच्या शेवटी गुण द्यावेच लागतात आणि ते न्याय्य आहेत याची त्यांना खात्री वाटत नाही. पुढचे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

या तिन्ही अडचणींचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. आपल्या पद्धतीत चूक शोधण्याचे, तिचे कारण ओळखण्याचे आणि ती दुरुस्त करण्याचे सगळे काम आपणच करता. विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त परत आलेल्या वहीकडे पाहणे उरते. शिक्षणाचे अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी 1989 साली आकारिक मूल्यमापनाविषयी, म्हणजे शिकणे चालू असताना सुधारणेसाठी केलेल्या मूल्यमापनाविषयी, जे मांडले ते मला आजही सर्वांत उपयोगी वाटते: विद्यार्थ्याला सुधारणा करायची असेल तर चांगले काम कसे दिसते हे त्याला ठाऊक असले पाहिजे, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे, आणि या दोहोंतले अंतर कमी करणारी कृती त्याने स्वतः केली पाहिजे. यातली तिसरी अट पूर्ण होत नसेल तर आपण वहीत लिहिलेला मजकूर कितीही अचूक असला तरी ती केवळ माहिती राहते. म्हणून पुढे मी जे काही सुचवतो आहे, ते तपासणीतला वेळ काढून तो विद्यार्थ्याच्या पुढच्या प्रयत्नाकडे कसा वळवावा, याविषयीच आहे.

प्रथम लेखनाचा विचार करू. सगळ्या चुका दुरुस्त करण्याच्या उपयुक्ततेवर भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 साली असे ठामपणे मांडले की दुसऱ्या भाषेच्या लेखनवर्गात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करण्याचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो, आणि म्हणून ती प्रथाच सोडून द्यावी. डेना फेरिस यांनी 1999 साली त्याला उत्तर देताना दुरुस्तीची पद्धत नीट निवडली आणि ती स्पष्ट असली तर तिचा लाभ होतो, अशी बाजू घेतली. पुढे झालेल्या प्रयोगांपैकी जॉन बिचनर यांचा 2008 सालचा अभ्यास शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखनात ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांच्या केवळ दोन उपयोगांवर अभिप्राय दिला, बाकीच्या चुकांना हात लावला नाही. आणि ज्यांना असा अभिप्राय मिळाला त्यांची अचूकता, तो न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, दोन महिन्यांनंतरच्या चाचणीतही अधिक राहिली. मर्यादित विषयावरचा, नेमका अभिप्राय टिकतो, इतका निष्कर्ष त्यावरून काढता येतो. वहीभर पसरलेल्या लाल शाईविषयी मात्र असा दिलासा देणारा पुरावा मिळणे कठीण आहे.

हे प्रत्यक्ष उदाहरणावर पाहणे बरे. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले आहे असे समजा: “काल मी ग्रंथालयात गेलो. मी दोन पुस्तके घेतलो. माझा मैत्रीण तिथे भेटली. ती मला एक चिठ्ठी दिली. मी चिठ्ठी वाचलो आणि घरी आलो. माझी बहीण घरी नव्हती.” नेहमीच्या पद्धतीने तपासणारा शिक्षक ‘घेतलो’चे ‘घेतली’, ‘माझा’चे ‘माझी’, ‘ती’चे ‘तिने’ आणि ‘वाचलो’चे ‘वाचली’ करील, चार चुका मोजील आणि पुढच्या वहीकडे वळेल. परंतु या चार खुणा एका जातीच्या नाहीत. ‘माझा मैत्रीण’ लिहिणाऱ्यानेच दोन ओळी खाली ‘माझी बहीण’ असे अचूक लिहिले आहे, म्हणजे नियम त्याला माहीत आहे आणि लिहिण्याच्या ओघात हात चुकला आहे. पिट कॉर्डर यांनी 1967 साली नियमाच्या अज्ञानातून होणारी पद्धतशीर चूक आणि निसटून गेलेली नजरचूक यांत जो भेद केला, तो इथे उपयोगी पडतो. नजरचुकीवर शिक्षकाने एक शब्दही खर्च करू नये; समासात एक टिंब द्यावे, ती ओळ पुन्हा वाचण्यास सांगावे, आणि विद्यार्थी ती स्वतः शोधतो की नाही हे पाहावे. शोधली तर प्रश्न मिटला. सापडली नाही, तर मग ती पद्धतशीर चूक आहे का, याचा विचार करावा.

उरलेल्या तीन खुणा मात्र एकाच चुकीच्या आहेत. ‘गेलो’, ‘आलो’ यांच्या धर्तीवर या विद्यार्थ्याने ‘घेतलो’ आणि ‘वाचलो’ अशी रूपे बनवली आहेत. भूतकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते असा नियम त्याने मनाशी बांधला आहे आणि तो तर्कशुद्धपणे सगळीकडे लावला आहे. सकर्मक क्रियापद असेल तर ते कर्माप्रमाणे चालते आणि कर्त्याला ‘ने’ लागतो, ही व्यवस्था त्याच्या अजून ध्यानात आलेली नाही. आणि ‘मी’ला ‘ने’ लागत नसल्यामुळे त्याला वाक्याच्या आरंभी तशी काही खूणही मिळत नाही. आता ‘ती मला एक चिठ्ठी दिली’ हे वाक्य पाहा. त्यातले ‘दिली’ हे रूप बरोबर आहे, पण ते बरोबर येण्याचे कारण चुकीचे आहे. विद्यार्थ्याने ते ‘ती’शी जुळवले, आणि चिठ्ठी हा शब्दही स्त्रीलिंगी असल्यामुळे योगायोगाने बरोबर रूप आले. चिठ्ठीऐवजी पुस्तक असते तर त्याने ‘ती मला एक पुस्तक दिली’ असेच लिहिले असते. नुसत्या चुका मोजणाऱ्या तपासणीत हे कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते भाषेच्या मूल्यमापनातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे: बरोबर किंवा चूक रूपामागे विद्यार्थ्याच्या मनात सध्या कोणता नियम काम करतो आहे, ते ओळखणे. लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली शिकणाऱ्याच्या या मधल्या, स्वतःची व्यवस्था असलेल्या भाषेचा विचार मांडला. ती व्यवस्था एकदा दिसली की तीस वह्यांमधल्या शेकडो खुणांचे रूपांतर हाताळता येतील अशा चार-पाच प्रश्नांत होते.

या वहीवर मी स्वतः पुढीलप्रमाणे लिहीन: “तुमची मैत्रीण चिठ्ठी देऊन निघून गेली का? वाचताना हे कळावेसे वाटते, एक वाक्य वाढवा. ‘गेलो’, ‘भेटली’, ‘आलो’ ही रूपे अचूक आहेत. ‘घेतलो’, ‘दिली’, ‘वाचलो’ या तीन क्रियापदांखाली रेघ ओढली आहे. या तिन्हींना कर्म आहे. आधी प्रत्येकाचे कर्म शोधा, मग क्रियापद त्या कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे लिहून पाहा. ‘दिली’ला काही बदल लागतो का? आणि ‘ती’ तशीच राहील का?” यात बरोबर उत्तर एकदाही दिलेले नाही, पण ते शोधण्याची दिशा दिलेली आहे. ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’ अशी कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालणारी क्रियापदे मराठीत आहेत, पण मुख्य नियम हाती लागण्यापूर्वी त्यांचा उल्लेख करणे म्हणजे विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय; ती पुढच्या महिन्यासाठी ठेवावीत. नवशिक्या विद्यार्थ्याला नियमच माहीत नसेल तर मात्र अशा सूचक प्रश्नांचा उपयोग नाही. तिथे बरोबर रूप सरळ लिहून द्यावे, नियम एका ओळीत सांगावा आणि त्याच नियमाची दोन नवी वाक्ये लिहून घ्यावीत.

एका वेळी कोणती चूक निवडावी, हा पुढचा प्रश्न. जिच्यामुळे अर्थच कळत नाही ती चूक सर्वांत आधी. त्यानंतर जी वर्गात अनेकांच्या लेखनात वारंवार येते ती. परंतु या दोन्हींपेक्षा कमी लक्षात घेतली जाणारी एक कसोटी आहे, ती म्हणजे विद्यार्थी त्या नियमाच्या उंबरठ्यावर आहे का. मॅनफ्रेड पीनेमान यांनी 1984 साली, जर्मन शिकणाऱ्या इटालियन भाषक मुलांना वाक्यरचनेचा एक नियम शिकवून पाहिला, तेव्हा ज्या मुलांनी त्याच्या आधीची पायरी गाठली होती त्यांनाच तो आत्मसात करता आला. इतरांना त्या शिकवण्याचा लाभ झाला नाही. प्रत्येक भाषेच्या प्रत्येक नियमाचा असा क्रम कोणी आपल्या हाती दिलेला नाही, तरी एक व्यवहार्य खूण आहे: विद्यार्थी जे रूप कधी बरोबर तर कधी चूक वापरतो, तिथे अभिप्राय बहुधा लागू पडतो, कारण तिथे त्याची व्यवस्था आधीच हलू लागलेली असते. जे रूप तो कधीच बरोबर वापरत नाही, ते वहीत दुरुस्त करत बसण्यापेक्षा वर्गात नव्याने शिकवावे.

शेऱ्यांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ‘छान’, ‘अजून मेहनत घ्या’, ‘व्याकरणाकडे लक्ष द्या’ हे शेरे सदिच्छेने लिहिलेले असतात, पण त्यांवरून विद्यार्थ्याला उद्या काय करायचे ते कळत नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली फीडबॅकवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सरासरीने लाभ दिसला, परंतु एक तृतीयांशाहून अधिक परिणामांत फीडबॅकनंतर कामगिरी खालावलेली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की हा धोका वाढतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ‘तुम्ही हुशार आहात’ आणि ‘तुम्ही निष्काळजी आहात’ ही दोन्ही वाक्ये या दृष्टीने एकाच बाजूची आहेत, कारण दोन्ही माणसाबद्दल बोलतात. कौतुक जरूर करावे, पण ते एखाद्या विशिष्ट ओळीचे असावे: “दुसऱ्या परिच्छेदात ‘तरीसुद्धा’ घातल्यामुळे तुमचा विरोधी मुद्दा लगेच कळला.” अशा कौतुकाने विद्यार्थ्याला पुन्हा तेच करता येते. आणि आशयाला प्रतिसाद आधी द्यावा, रूपाविषयी नंतर बोलावे. आपण लिहिलेले कोणीतरी वाचले, त्यावर कुतूहलाने प्रश्न विचारला, हे दिसल्याशिवाय प्रौढ माणूस परक्या भाषेत मन मोकळे करून लिहीत नाही, आणि तो जपून, ओळखीच्या चार रचनांतच लिहू लागला तर मूल्यमापन करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

गुण आणि शेरा एकत्र देण्याविषयीही असाच पुरावा आहे. रूथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना फक्त लेखी अभिप्राय, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही दिले. फक्त अभिप्राय मिळालेल्यांची कामगिरी आणि कामातला रस दोन्ही टिकले. दोन्ही एकत्र मिळालेल्यांना अभिप्रायाचा तो लाभ झाला नाही. त्या प्रयोगातले विद्यार्थी शाळकरी होते आणि तिथली कामे भाषाशिक्षणाची नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष प्रौढांच्या भाषावर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वही हातात पडताच विद्यार्थी गुण पाहतो, शेजाऱ्याचे गुण पाहतो आणि वही मिटतो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. म्हणून पहिल्या मसुद्यावर गुण लिहूच नयेत. संस्थेला नोंद हवी असेल तर ती आपल्या रजिस्टरमध्ये ठेवावी, वहीत नको.

आता या सगळ्यासाठी वेळ कुठून आणायचा. तीस वह्यांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली तर पाच तास जातात. त्याऐवजी मी असे सुचवतो की तीसही वह्या एकदा पेन हातात न घेता सलग वाचाव्यात आणि शेजारी एका कागदावर वारंवार दिसणाऱ्या गोष्टी टिपाव्यात. त्यातून वर्गासाठी एक पान तयार होते: दोन नमुनेदार चांगली वाक्ये, एका नियमाशी संबंधित पाच-सहा चुकलेली वाक्ये (नावे न देता आणि थोडी बदलून), आणि शेवटी एक सूचना. प्रत्येक वहीत मग दोन-तीन ओळींचाच वैयक्तिक शेरा आणि काही रेघा पुरतात. सविस्तर शेरा दर आठवड्याला सहा-सात जणांना आळीपाळीने द्यावा, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात प्रत्येकाची पाळी येते. या बदलाचा खरा फायदा तपासणी लवकर संपण्यात नाही. वाचलेला वेळ वर्गात आणता येतो: वही परत दिल्यावर लगेच, त्याच तासात, पंधरा-वीस मिनिटे सर्वांनी शांतपणे आपला मजकूर पुन्हा लिहायचा आणि शिक्षकाने बाकांमधून फिरत राहायचे. हे पुनर्लेखन घरी नेऊ देऊ नये. घरी गेलेले पुनर्लेखन अनेक विद्यार्थी करत नाहीत, आणि जे करतात ते कुठे अडले हे आपल्याला दिसत नाही. बाकाशी उभे राहून विचारलेला “हे रूप इथे का घेतले?” हा प्रश्न वहीतल्या दहा ओळींचे काम करतो.

विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन वाचावे का, असेही विचारले जाते. वाचावे, पण एकमेकांच्या व्याकरणाची दुरुस्ती करण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये. त्या पातळीवर चुकीची दुरुस्ती होण्याची शक्यता मोठी असते आणि त्याने विश्वास उडतो. कुठे अर्थ लागला नाही, कोणती माहिती हवी होती, एवढेच त्यांनी सांगावे. तितके कोणीही वाचक सांगू शकतो.

संभाषणाच्या तासाची अडचण वेगळी आहे, कारण तिथे वेळ हातातून निसटत असतो. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी 1997 साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या चार वर्गांत शिक्षक तोंडी चुकांना कसा प्रतिसाद देतात याचा बारकाईने अभ्यास केला. शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा, 55 टक्के प्रसंगी, विद्यार्थ्याचे वाक्य दुरुस्त रूपात सहज पुन्हा उच्चारून पुढे जात होते; परंतु अशा पुनरुच्चारानंतर फक्त 31 टक्के वेळा विद्यार्थ्याने त्याची काही दखल घेतली. बाकीच्या वेळी, शिक्षकाने आपल्या बोलण्याला संमती दिली अशीच समजूत झाली असणे शक्य आहे. याउलट शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून किंवा प्रश्न विचारून बरोबर रूप विद्यार्थ्याकडूनच काढून घेतले, तेव्हा विद्यार्थ्याने दर वेळी काही ना काही प्रतिसाद दिला. यावरून सहज केलेला पुनरुच्चार निरुपयोगी आहे असे म्हणू नये. विद्यार्थ्याने लगेच उच्चारले नाही म्हणजे तो शिकला नाही असे होत नाही, आणि नंतरच्या अनेक प्रयोगांत पुनरुच्चाराचाही लाभ आढळला आहे. परंतु तो ऐकू यावा, म्हणजे दुरुस्ती म्हणून ऐकू यावा, याची व्यवस्था करावी लागते: वाक्य छोटे करावे, बदललेल्या शब्दावर किंचित जोर द्यावा, आणि मग क्षणभर थांबावे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. बहुतेक शिक्षक दुरुस्त वाक्य म्हणतात आणि त्याच श्वासात पुढचा प्रश्न विचारतात, त्यामुळे विद्यार्थ्याला ते रूप स्वतःच्या तोंडी घेण्याची जागाच मिळत नाही.

विद्यार्थी गप्प होतात हे आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि त्यावरचा उपाय तासाचे हेतू वेगळे ठेवणे हा आहे. एखादी रचना पक्की करण्याचा सराव चालू असेल तर चूक तिथेच थांबवावी, कारण अचूकता हाच त्या सरावाचा विषय आहे आणि विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असते. चर्चा, कथन किंवा भूमिकाभिनय चालू असेल तर अर्थ अडल्याशिवाय मध्ये पडू नये. हातात कागद घेऊन वाक्ये जशीच्या तशी टिपावीत. उपक्रम संपल्यावर त्यांतली सहा-आठ वाक्ये फळ्यावर लिहावीत, त्यात दोन-तीन उत्तम वाक्येही मिसळावीत, आणि कोणती दुरुस्त करायची हे जोड्यांनी ठरवायला सांगावे. कोणाचे वाक्य कोणते हे सांगायची गरज नसते. ज्याचे असते तो ओळखतो. यानंतर तोच उपक्रम नव्या जोडीदाराबरोबर पुन्हा करून घ्यावा. ही पुनरावृत्ती बहुतेक ठिकाणी वेळेअभावी गाळली जाते, आणि ती गाळली की फळ्यावरची सगळी दुरुस्ती पुन्हा नुसती माहिती होऊन बसते. उच्चारांच्या बाबतीत कसोटी एकच ठेवावी: ऐकणाऱ्याला विनासायास कळते का. मातृभाषकासारखे बोलणे हे मूल्यमापनाचे माप म्हणून अन्याय्य आहे.

शेवटी सत्रान्ताच्या गुणांकडे येतो. मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 साली शैक्षणिक मूल्यमापनात आकारिक आणि संकलित (म्हणजे शेवटी काय साध्य झाले ते ठरवणारा) असे दोन हेतू वेगळे दाखवले. आतापर्यंतचे सगळे विवेचन पहिल्या हेतूविषयी होते. दुसऱ्या हेतूसाठी न्याय्यता हीच मुख्य चिंता असते, आणि तिचा आरंभ गुण देण्याच्या बऱ्याच आधी, प्रश्न तयार करतानाच होतो. जे मोजायचे आहे तेच हा प्रश्न मोजतो का, हे प्रत्येक प्रश्नाला विचारावे. श्रवणाच्या चाचणीत विद्यार्थ्याने पूर्ण वाक्यांत लेखी उत्तर द्यायचे असेल आणि शुद्धलेखनाचे गुण कापले जात असतील, तर ती चाचणी श्रवणाची राहिलेली नाही. ज्याला सगळे ऐकून समजले पण लिहिता आले नाही त्याला ती नापास करते. तिथे पर्याय निवडणे, चित्रावर खूण करणे, किंवा विद्यार्थ्याच्या पहिल्या भाषेत उत्तर देणेही चालावे. तसेच ‘व्याकरणातील प्रयोगाचे (कर्तरी, कर्मणी इत्यादी) प्रकार सांगा’ हा प्रश्न भाषेविषयीचे ज्ञान तपासतो. भाषा वापरता येते का हे पाहायचे असेल, तर तक्रारीचे पत्र, दूरध्वनीवरचा निरोप, प्रवासाची हकिकत अशी कामेच द्यावी लागतात.

लेखन आणि संभाषण यांना गुण देताना निकषांची लेखी श्रेणी, म्हणजे रुब्रिक, हवी. हॉली जेकब्स आणि सहकाऱ्यांनी 1981 साली इंग्रजी निबंधांसाठी तयार केलेल्या प्रसिद्ध श्रेणीत 100 पैकी आशयाला 30, मांडणीला 20, शब्दसंपत्तीला 20, भाषेच्या वापराला 25 आणि लेखननियमांना केवळ 5 गुण होते. हेच प्रमाण आपण घ्यावे असे माझे म्हणणे नाही, पण आपल्या नकळत चाललेल्या गुणदानाशी ते ताडून पाहावे: ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका डोळ्यांना लगेच दिसतात आणि म्हणून अनेक वह्यांमध्ये आशयापेक्षा त्यांच्यापायीच अधिक गुण कापले जातात. पातळीचे वर्णन करण्यासाठी काउन्सिल ऑफ युरोपने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषांसाठीच्या समान संदर्भ-चौकटीतील (सीईएफआर) ए1 (नवशिका) ते सी2 (प्रवीण) या सहा पातळ्यांची ‘करता येते’ या स्वरूपाची विधाने चांगला आधार देतात. परंतु ती विधाने व्यापक आहेत. एका सत्रात विद्यार्थी एका पातळीवरून दुसरीवर जाईलच असे नाही, म्हणून आपल्या सत्रापुरती बारीक विधाने आपणच लिहावीत आणि ती सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. त्याबरोबर मागच्या वर्षांतले, नावे काढून टाकलेले, वेगवेगळ्या दर्जाचे तीन-चार नमुने द्यावेत आणि विद्यार्थ्यांकडूनच त्यांना गुण देववून घ्यावेत. ‘सुसंबद्ध मांडणी’ या शब्दांचा अर्थ दोन नमुने शेजारी ठेवून वाद घातल्यावर जितका कळतो तितका कुठल्याही व्याख्येने कळत नाही.

तपासताना काही साध्या सवयी पाळाव्यात. नाव झाकावे. एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असे तपासावे, म्हणजे एका चांगल्या उत्तराची छाया पुढच्या उत्तरावर पडत नाही. आणि प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठ्याचा क्रम बदलावा, कारण उत्कृष्ट उत्तरानंतर आलेले मध्यम उत्तर आहे त्याहून दुबळे वाटते. पाच-सहा उत्तरपत्रिका सहकारी शिक्षकाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात आणि जिथे फरक पडला तिथे गुणांची सरासरी काढून मोकळे होण्याऐवजी कोणत्या निकषाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला ते बोलावे. तोंडी परीक्षेत शक्य असेल तर परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. बोलता बोलता प्रश्नही विचारायचे आणि गुणही द्यायचे हे एका माणसाला नीट साधत नाही.

आपल्या प्रश्नात न आलेली, पण पुनर्लेखन सुरू केल्यावर लगेच उभी राहणारी शंका अशी की गुण कोणत्या मसुद्याला द्यायचे. सत्रातल्या कामांपुरते मी नेहमी दुसऱ्या मसुद्याला देतो, आणि ते देताना पहिला मसुदा शेजारी ठेवतो. ज्या नियमावर अभिप्राय दिला होता तो विद्यार्थ्याने नुसता खुणेच्या जागी दुरुस्त केला की खूण नसलेल्या नव्या वाक्यांतही पाळला, हे त्यातून दिसते. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याने नव्याने वाढवलेल्या वाक्यात ‘तिने निरोप घेतला’ असे लिहिले, तर नियम त्याच्या हाती लागला असे मी मानतो आणि पुढच्या वेळी रेघ दुसऱ्या नियमाखाली ओढतो. सत्रान्त परीक्षेत मात्र मदत न घेता, ठरलेल्या वेळात लिहिलेला एकच मसुदा धरावा, कारण तिथे विद्यार्थी आज स्वतःच्या बळावर काय करू शकतो एवढेच सांगायचे असते. या दोन प्रकारच्या गुणांची बेरीज एका आकड्यात करणे संस्थेला आवश्यक असेल तर करावी, पण विद्यार्थ्याच्या हाती देण्याच्या कागदावर ते वेगवेगळे दाखवावेत.